मुलं घरात कोंडली, दोष मात्र आईला

"मुलांना मातीत खेळू द्या, झाडावर चढू द्या, पावसात भिजू द्या," असा उपदेश हल्ली चहूबाजूंनी कानावर पडतो. बालरोगतज्ज्ञ तो करतात, शाळेच्या पालकसभेत तो होतो, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत तो छापून येतो. म्हणायला हा उपदेश पालकांना असतो. पण पालकसभेला कोण जातं, आणि पुरवणीतला मजकूर कापून कपाटाच्या दारावर कोण चिकटवतं, हे आपल्याला ठाऊक आहे. उपदेश असतो आईला. मूल मोबाइल बघत बसलं, तर तो आईनं हातात दिला म्हणून. मूल लठ्ठ झालं, चिडचिडं झालं, लहानपणीच चष्मा लागला, तर आईला वेळ नाही म्हणून. आणि तेच मूल बाहेर खेळायला जाऊन गुडघा फोडून आलं, तर "आईचं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न ठेवलेलाच. कोंडलं तरी आई दोषी, सोडलं तरी आईच दोषी.

मैत्रिणींनो, मला इथं दोन गोष्टी एकदमच म्हणायच्या आहेत, कारण त्या सुट्या सुट्या म्हटल्या की दोन्हींचा विपर्यास होतो. पहिली ही की लहान मुलांना उघड्यावर, माती-पाणी-झाडांत, मोठ्यांच्या हुकमाविना खेळायला मिळालंच पाहिजे. ती चैन नव्हे, हक्क आहे. दुसरी ही की हा हक्क कुठल्याही एकट्या बाईच्या जिवावर पुरा होणार नाही आणि आपण तो तसा पुरा करूही देता कामा नये. मुलांच्या मोकळ्या खेळाचा प्रश्न हा जागेचा प्रश्न आहे, बायकांच्या फुकट श्रमाचा आहे आणि मुलींच्या स्वातंत्र्याचा आहे. म्हणून तो आपल्या चळवळीचा आहे. आजवर आपण तो बालशिक्षणवाल्यांकडे आणि निसर्गप्रेमींकडे सोपवून मोकळ्या झालो. ते आता पुरे.

खेळाची गरज खरी आहे

आईवर ढकललेला दोष नाकारताना मूळ गोष्ट नाकारायचं कारण नाही. उन्हात, उजेडात खेळण्याचा मुलांना फायदा होतो हे आता पुराव्यानिशी दिसलेलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा बाहेर घालवायची, एवढाच बदल. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा बाहेर जाणाऱ्या गटातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं न दिसण्याचा दोष लागला होता, तर दुसऱ्या गटातल्या सुमारे ४० टक्के मुलांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या रखरखीत अंगणात जंगलातली माती आणि गवताचे थर आणून अंथरले, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यात खेळू दिलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही चांगले बदल रक्तात दिसले. हे २०२० साली प्रसिद्ध झालं.

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. मूल झाडावर चढतं तेव्हा ही फांदी आपलं वजन पेलेल की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. ओहोळाला बांध घालताना पाणी कुठून फुटतं हे त्याला दिसतं. खेळात भांडण झालं की राज्य कुणावर, बाद कोण, हे कुणा मोठ्यानं न सांगता मिटवावं लागतं. आपलं शरीर आपल्या ताब्यात आहे, आपला अंदाज चुकू शकतो आणि चुकला तरी आपण सावरतो, हा विश्वास तिथं तयार होतो. आता सांगा, हा विश्वास आपण बायकांच्या शिबिरांतून पस्तिशी-चाळिशीच्या बायकांना देण्यासाठी किती खटपट करतो! "आवाज मोठा काढा, पाय पसरून बसा, हात उंच करा," असं सांगावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीकडे हे सगळं होतं. मग ते काढून कुणी घेतलं?

पूर्वीचं अंगण कुणाच्या कंबरेवर होतं?

"आमच्या वेळी मुलं दिवसभर बाहेर असायची," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारावं, त्या मुलांकडे बघत कोण होतं? ओसरीवर धान्य निवडत बसलेली आजी, आडावर पाणी ओढणारी काकू, शेजारच्या अंगणात पापड वाळत घालणारी बाई. मुलांचं मोकळेपण बायकांच्या न मोजलेल्या, न सांगितलेल्या राखणीवर उभं होतं. त्याला कुणी काम म्हटलं नाही, म्हणून ते नाहीसं झालं तेव्हा काही गेलं असंही कुणाला वाटलं नाही.

आणि आजीहून जास्त राखण केली ती थोरल्या बहिणीनं. सात-आठ वर्षांची पोर, कमरेवर वर्षाचं भावंड, आणि तिच्या वयाची मुलं समोर पळताहेत. हे चित्र जुनं झालेलं नाही. कुठल्याही वस्तीत दुपारी जाऊन पाहा. आपल्याकडच्या खेळांकडेच बघा ना. विटीदांडू, सूरपारंब्या, आट्यापाट्या, लगोरी हे खेळ गावभर पसरणारे, धावणारे, झाडावर नेणारे. ते बहुतांशी मुलग्यांचे. मुलींच्या वाट्याला काय आलं? सागरगोटे आणि भातुकली. सागरगोटे बसून खेळता येतात, मांडीवरचं मूल न उठवता. भातुकलीत तर स्वयंपाकच करायचा. मुलींना बसून खेळायला आवडतं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. काम करता करता जेवढं खेळता येईल तेवढाच खेळ त्यांच्याकडे उरला.

झोका, फुगडी, झिम्मा होते, हे खरं. पण ते कधी? नागपंचमीला, मंगळागौरीला, भोंडल्याला. म्हणजे पंचांगानं परवानगी दिली तर, आणि सासुरवाशीण असेल तर माहेरी आल्यावर. भावाला रोज संध्याकाळी मिळणारी गोष्ट बहिणीला सणाला मिळायची. तेव्हा जुन्या अंगणाचे गोडवे गाताना जरा थांबावं. ते अंगण आपल्याला जसंच्या तसं परत नको आहे.

उन्हात काळी पडशील

आज थोरली बहीण शाळेत जाते, हा मोठा पल्ला आपण गाठला. पण मुलीचं बाहेर खेळणं अजूनही वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी आटायला लागतं. कुणी एक दिवस दार बंद करत नाही. दाराला हळूहळू कड्या लागतात. उन्हात जाऊ नको, काळी पडशील. झाडावर चढू नको, फ्रॉक वर जातो. गुडघ्यावर व्रण राहिला तर उद्या बघायला आलेले विचारतील. मुलग्यांत खेळू नको. आधी भांडी विसळ, मग जा. भांडी विसळून होतात तोवर दिवेलागण होते.

यातलं एकेक वाक्य घेऊन बघा. सहा वर्षांच्या मुलीच्या कातडीचा रंग हा वीस वर्षांनंतरच्या लग्नाच्या बाजाराच्या हिशेबानं जपला जातोय. तिच्या कपड्यांना खिसा नाही, म्हणजे बिया, दगड, पिसं गोळा करायची सोयच नाही. तिच्या चपला पळायच्या नाहीत, दिसायच्या आहेत. आपण 'सातच्या आत घरात'विरुद्ध बोलतो, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या वेळांवरून मोर्चे काढतो. पण ती मुलगी कॉलेजात येईपर्यंत दहा वर्षं तिला 'आत'ची सवय लावलेली असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल नेमकं हेच दाखवलं, की बाईला सार्वजनिक जागी काही कामाचं निमित्त असावं लागतं, उगीच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. आता खेळ म्हणजे तरी काय? उगीच रेंगाळणंच ते. तो हक्क बाईकडून सहाव्या-सातव्या वर्षीच काढून घेतला जातो आणि विसाव्या वर्षी तो तिला परत मागावा लागतो.

'सुरक्षितते'चं कुलूप

इथं कुणीतरी म्हणेलच, "बाई, तुम्ही बोलता छान. पण दिवस कसे आलेत बघताय ना? मुलीला बाहेर सोडायचं म्हणजे जीव टांगणीला." ही भीती खोटी नाही. वस्तीतल्या आईची तर मुळीच नाही. तिला कुणी हसू नये.

पण ही भीती आपल्याला कुठं घेऊन जाते ते पाहू. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ साली झाला. त्याखालच्या गुन्ह्यांची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते आहे : बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी बहुतेक वेळा मुलीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. म्हणजे ज्या चार भिंतींत आपण मुलीला सुरक्षित म्हणून ठेवतो, तिथेच धोका जास्त. कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही. बंद घरात एकटी असलेली मुलगी ही दहा मुलं आणि चार बायका असलेल्या मैदानातल्या मुलीपेक्षा सुरक्षित असते, हा समज आपणच मोडायला हवा. मुलीला घरात ठेवण्यानं मैदान तेवढं रिकामं होतं, आणि रिकाम्या मैदानात मग गर्दुल्ले, पत्त्यांचे अड्डे आणि टोळकी येतात. मग ते मैदान धोक्याचं म्हणून आणखी चार मुली घरात जातात.

दुसरा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा. दारात रस्ता, रस्त्यावर भरधाव वाहनं, आणि आपण म्हणतो मूल सांभाळा. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात वाहनांखाली चारशेहून अधिक मुलं मेली. तिथल्या आईबापांनी मुलांना घरात कोंडलं नाही. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष एक तरुण स्त्री होत्या, मार्त्ये व्हान पुटन. बायका, मुलं, शेजारी मिळून रस्ते अडवून बसले. अ‍ॅमस्टरडॅमच्या दाट वस्तीच्या डी पाइप भागात शाळेतली मुलंच रस्ता बंद करून खेळायला उतरली. पुढच्या वर्षांत तिथं गाड्यांचा वेग बांधला गेला, गाड्यांना दुय्यम मानणाऱ्या राहत्या गल्ल्या कायद्यानं मान्य झाल्या. धोका कुणाला आवरायचा, मुलाला की गाडीला, हा राजकीय निर्णय असतो. आपल्याकडे तो मुलाच्या विरुद्ध घेतलेला आहे आणि राबवायला आईला नेमलेलं आहे.

जागा कुणी खाल्ली?

मोकळी जागा आपोआप नाहीशी होत नाही. तिची आरक्षणं उठतात, तिच्यावर मांडव पडतात, ती लग्नाला भाड्यानं जाते, तिच्यावर गाड्या लागतात, तिचं क्रिकेट अकादमीच्या नावानं कुंपण होतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यानं स्वप्नसुद्धा माणशी ४ चौरस मीटरचंच पाहिलं. पुण्यात वेताळ टेकडीवर रस्ता काढायच्या घाटाविरुद्ध नागरिकांना वर्षानुवर्षं झगडावं लागतं आहे. टेकडी वाचवणाऱ्यांत आपण किती जणी असतो? पक्ष्यांसाठी टेकडी वाचवावी हे योग्यच. पण टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या मुलीला दगड गोळा करायला ती एकच जागा उरली आहे, हे कोण मांडणार?

ज्या बागा आहेत त्याही बघा. बहुतेक महापालिका बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या. सकाळी डबे करायची वेळ, संध्याकाळी पोळ्यांची. दुपारी, बायकांना थोडी उसंत असते तेव्हा, दाराला कुलूप. आत गेलं तर पाट्या : गवतावर चालू नये, झाडावर चढू नये, चेंडू खेळू नये. लहान मुलाला शू लागली तर स्वच्छतागृह बंद. आणि जमीन फरशीची. मुलानं निसर्ग कुठं बघायचा? प्लास्टिकच्या घसरगुंडीवर? या बागांचे आराखडे ज्यांनी काढले त्यांनी एक दुपारसुद्धा दोन वर्षांच्या मुलाला घेऊन घालवलेली नसावी.

या कोंडमाऱ्यावर बाजारानं उपाय काढला आहेच. शहराबाहेर 'निसर्ग शिबिरं', 'चिखल महोत्सव', झाडाखालच्या महागड्या बालशाळा. फी भरा आणि मुलाला तीन तास माती मिळवून द्या. पाणी विकत घ्यायला लावलं तशीच आता माती.

उघड्यावरची सगळीच मुलं खेळत नसतात

एक गफलत मात्र आपण करू नये. उघड्यावर असणं आणि मोकळं खेळणं या एकच गोष्टी नव्हेत. दर वर्षी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं सहा-सहा महिने फडात, कोपीत, उघड्या आभाळाखाली असतात. निसर्गच निसर्ग! पण पहाटे अंधारात आई ऊस तोडायला उभी राहते तेव्हा तान्हं मूल पाचटावर असतं आणि सहा वर्षांची मुलगी त्याची आई झालेली असते. साप, विहीर, उसाची धारदार पाती, ट्रॅक्टर हेच तिचे सोबती. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचं तेच. वाळूच्या ढिगावर खेळणारं पोर बघून वाटसरूला कौतुक वाटतं. त्याच ढिगाशेजारी उघडी टाकी आणि लोखंडाच्या सळया असतात.

या मुलांसाठी कायदा काय करत होता? १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर केव्हा सक्तीचं, तर सुरुवातीला ५० आणि पुढे ३० हून जास्त स्त्री कामगार असतील तर. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तर. म्हणजे मूल फक्त बाईचं! बापाच्या हजेरीवर मुलाची मोजणीच नाही. मालकांनीही सोपा मार्ग काढला : बायका कमी घ्या, निदान कागदावर तरी. २०१७ च्या मातृत्वलाभ कायद्याच्या दुरुस्तीनं पहिल्यांदा ५० कर्मचारी, मग ते बाया असोत की पुरुष, अशी अट घातली. हे पाऊल पुढचं आहे. पण ऊसतोडीतल्या मुकादमाच्या टोळीला, चार-चार मजुरांच्या ठेकेदाराला, घरकाम करणाऱ्या बाईला ते कुठं पोचतं? १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं. 'मोबाइल क्रेशेस'चं ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. जिथं आई काम करते तिथं मूल, सावलीत, कुणाच्या तरी पगारी नजरेखाली. एवढी साधी गोष्ट आहे. ती अपवाद म्हणून राहिली.

कुरणशाळेपासून काय शिकायचं

याचं उत्तर आपल्याच मातीत दोन बायकांनी शोधून ठेवलं आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी त्या भागात गोदावरी परुळेकरांच्या आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. तान्ह्यांना घरी टाकून बायका राबत होत्या, मुलं गुरांमागे होती. मॉन्टेसरीची महाग साधनं इथं आणणार कशी? ताराबाईंनी शंख-शिंपले, दगड, बिया, पानं, माती यांनाच साधनं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. मुलं गुरं चारायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली, ती 'कुरणशाळा'. आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेला मुकते म्हटल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, ती 'विकासवाडी'. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर बहरलं.

विकासवाडीचा अर्थ नीट पाहा. धाकट्याचा खेळ आणि थोरलीचं शिक्षण यांतलं वैर त्यात संपवलं आहे. मुलांना निसर्ग द्या म्हणताना ताराबाई-अनुताईंनी आयांना बोल लावला नाही. सांभाळणारी पगारी माणसं उभी केली. तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या अनुताईंना, बाईचं बालपण कसं हिरावलं जातं हे कुणी शिकवायला नको होतं.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. शब्द गेला, अंगण मात्र मागे राहिलं. शहरी वस्त्यांत कित्येक अंगणवाड्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भरतात. त्यात तीस मुलं, पोषण आहाराची पोती आणि रजिस्टरं. सेविकेनं वजनं घ्यायची, लसीकरणाला मुलं जमवायची, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची. २०२४ साली तर लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनंच भरले. यातून तिनं मुलांना ओढ्यावर कधी न्यायचं? तिला पगार नाही, 'मानधन' आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. जानेवारी २०२४ पर्यंत तो संप चालला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी त्यांना कर्मचारी म्हणायची तयारी अजून नाही. मूल सांभाळणं ही बाईची 'सेवा' आहे असं धरलं की मानधन पुरतं. ते काम आहे असं मानलं की पगार द्यावा लागतो.

आपल्याच बैठकीतले आक्षेप

आपल्यातल्याही काही जणी म्हणतील, "बलात्कार, हुंडाबळी, रेशन, रोजगार एवढे प्रश्न असताना खेळाचं काय घेऊन बसलात? हा मध्यमवर्गी चोचला आहे." मला उलट वाटतं. मध्यमवर्गाला शिबिर विकत घेता येतं. जिला घेता येत नाही, तिचंच मूल दहा बाय दहात कोंडलेलं असतं किंवा फडात रानोमाळ असतं. तिच्यासाठी सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक पाळणाघर यांना पर्यायच नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. "मुलांच्या हक्काची भाषा करता करता बाईला पुन्हा मुलाच्या खुंट्याला बांधाल." भीती रास्त आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनमोल घरकामात जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. घरातल्यांची देखभाल वेगळी : बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. या बाईला "रोज दोन तास मुलाला टेकडीवर ने" म्हणणं हा छळ आहे. म्हणून तर आपण हा प्रश्न हाती घ्यायचा, नाहीतर उपदेश करणारे तो तिच्याच माथी मारतील. आणि एक लक्षात घ्या : मूल जितकं मोकळं, तितकी आई मोकळी. चार वर्षांचं पोर गल्लीतल्या झाडाखाली निर्धास्त खेळू शकेल अशी गल्ली असली, तर तिच्या दिवसातले दोन तास तिचे होतात. कोंडलेल्या मुलाबरोबर आईही कोंडलेली असते.

बापांबद्दलही स्पष्ट बोलू. रविवारी सकाळी मुलाला फिरवून आणून 'मी मदत करतो' म्हणणारा बाप पुरेसा नाही. मदत परक्याला करतात. मूल त्याचंही आहे. चिखलाचे कपडे धुवायचे असतील तर "आज मातीत जाऊ नको" असं आई म्हणणारच. ते कपडे बाप धुवायला लागला की मातीला निम्मी परवानगी आपोआप मिळेल.

मागायचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळाचा हक्क आहे आणि भारतानं ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं म्हटलं, पण तो कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांचा. सहाच्या आतली मुलं त्यातून सुटली. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा म्हटलं, पण खेळायची जागा कुठून आणायची ते ज्या त्या सेविकेनं पाहावं. कागद भरपूर झाले. आता आपल्या गटांनी, संघटनांनी हातात घ्यायच्या मागण्या अशा :

प्रत्येक अंगणवाडीला खरंखुरं अंगण हवं : मातीचं, निदान एक झाड, पाणी आणि चालू स्वच्छतागृह असलेलं. जिथं जागा नाही तिथं जवळची बाग, शाळेचं मैदान, मंदिराचं पटांगण दिवसाचे ठरावीक तास त्या मुलांसाठी राखून मिळावं.

'पाळणा' योजनेखाली अंगणवाडी-सह-पाळणाघराची कल्पना २०२२ पासून सरकार दरबारी आहे. ती ऊसतोडीच्या तळावर, बांधकामावर, बाजारपेठेत आणि रोजगार हमीच्या कामावर प्रत्यक्षात यावी, पूर्ण दिवसासाठी.

सेविका आणि मदतनीस यांना कर्मचारी म्हणून पगार मिळावा आणि मुलांशी संबंध नसलेली कामं त्यांच्यावरून काढावीत.

महापालिकेच्या बागा दुपारी उघड्या राहाव्यात, 'करू नये'च्या पाट्या जाव्यात. वस्तीतल्या गल्ल्या संध्याकाळी दोन तास वाहनांना बंद राहाव्यात. विकास आराखड्याच्या सुनावण्यांना महिला मंडळांनी, बचत गटांनी हरकती घेऊन जावं. मैदानाचं आरक्षण उठणं ही आपल्या मुलीवर आलेली बंदी आहे, हे तिथं ठणकावून सांगावं.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबायचं कारण नाही. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून पाळी लावता येते : आज तू, उद्या तिचा नवरा, परवा मी. मुलीच्या कपड्यांना खिसे शिवता येतात. ग्रामसभेत गावठाणातल्या वडाखालची जागा मुलांची म्हणून ठराव करता येतो. ८ मार्चच्या कार्यक्रमात एक तास भाषणं कमी करून मायलेकींनी मिळून आट्यापाट्या मांडता येतात. चाळिशीच्या बायका धावतील, धापा टाकतील, हसतील, आणि मग बसून बोलतील, की आपण शेवटच्या कधी धावलो होतो आणि आपल्याला थांबवलं कुणी. त्या चर्चेतून पुढची मागणी निघेल.

आपल्या भागात मुलांना खेळायला काय उरलं आहे, मुली कुठल्या वयात घरात जातात, अंगणवाडीला अंगण आहे का, हे या तिमाहीत प्रत्येक गटानं फिरून पाहावं. यादी करावी आणि वॉर्ड ऑफिसात, पंचायत समितीत नेऊन द्यावी. नुसतं निवेदन ठेवून परत येऊ नये. मुलांना बरोबर न्यावं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना तिथल्या आवारात खेळू द्यावं.